आमच्या खतावणीचें स्थलांतर

गेल्या दिवाळींत, म्हणजे २०२५ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं, चौरंगावर काय मांडावें असा प्रश्न आमच्या घरांत उत्पन्न झाला. दरवर्षीं नवी रोजकीर्द व नवी खतावणी आणावयाची, पहिल्या पानावर कुंकवानें स्वस्तिक काढावयाचें आणि 'श्री' लिहून ती पूजेंत ठेवावयाची, हा वडिलांपासूनचा परिपाठ. मध्यंतरीं हिशेब संगणकावर गेला, तेव्हां चौरंगाशेजारीं संगणकाचें खोकें आलें व त्यासहि हळदकुंकू वाहण्यांत आलें. परंतु या खेपेस तें खोकेंहि हिशेबाचें उरलें नव्हतें. चैत्रांतच आमच्या दुकानाचा सारा हिशेब 'क्लाऊड'वर गेला होता. "मग यंदा पूजा कशाची करावयाची? आभाळाची?" असें आमच्या धाकट्या भावजयीनें विचारलें आणि सर्व मंडळी हंसली.

प्रश्न थट्टेचा होता. तरी त्याच्या मागें दोन वर्षांचा वाद होता आणि त्या वादांत विरोधी पक्ष आमचाच होता. आज घरोघरीं एखादें दुकान, एखादी गिरणी, निदान शिकवणीचा वर्ग तरी चालतोच, आणि घरांतील तरुण माणसें केव्हां ना केव्हां हा विषय काढणारच. तेव्हां आम्हीं काय पाहिलें, कोठें चुकलों व शेवटीं कोणत्या अटींवर रुकार दिला, हें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आमचें गांव आरमोरी. पश्चिमेस वैनगंगा, सभोंवार धानाच्या बांध्या आणि त्यांपलीकडे रान. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत होतों. आमचे वडील एका मालगुजाराच्या वाड्यांत दिवाणजी होते. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तिच्याबरोबर वाड्यांतील लेखणीहि गेली, आणि वडिलांनीं बाजाराच्या रस्त्यावर बी-बियाणें, दोरखंड, घमेलीं, कंदील अशा जिनसांचें दुकान मांडलें. पुढें त्यांत खतें आलीं. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. पऱ्हे टाकण्यापासून रोवणी उरकेपर्यंत उधार न्यावें आणि धान विकल्यावर फेडावें, ही इकडील चाल. त्यामुळें दुकानाचा जीव मालांत नसून उधारीच्या खतावणींत असतो. माल भिजला तर पुन्हां आणतां येतो. खतावणी गेली तर दुकान उठलें असें समजावें.

वडील पहिलीं कांहीं वर्षें मोडींत लिहीत. पुढें आमच्या धाकट्या बंधूंस दुकानांत बसवावयाचें ठरलें, तेव्हां त्यांनीं एका उन्हाळ्यांत सर्व चालू खातीं बालबोधींत उतरवून काढलीं. तें आमच्या खतावणीचें पहिलें स्थलांतर. तीं मोडी बाडें अजून माळ्यावर आहेत. अक्षर मोत्यासारखें, कागद बहुतेक शाबूत. परंतु घरांत तें वाचणारा आज कोणी नाहीं. वस्तु जपली म्हणजे तींतील मजकूर जपला असें होत नाहीं, हा धडा तेव्हांच शिकावयास हवा होता.

आम्ही स्वतः दुकानदार नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, होऊन शिक्षकाच्या पेशांत पडलों. संस्कृत आजोबांच्या पायांशीं बसून शिकलों. आणि प्राथमिक शाळेंत आयुष्य घालवून ३० जून २०१७ रोजीं निवृत्त झालों. दुसऱ्याच दिवशीं, १ जुलैस, देशांत जीएसटी सुरू झाला! विवरणपत्रें संगणकावरूनच भरावयाचीं. बंधूंनीं गुडघेदुखीमुळें दुकान मुलाकडे सोंपविलें होतें. त्या पुतण्यानें हिशेबाची प्रणाली विकत आणली आणि "काका, आतां तुम्हांला वेळ आहे," असें म्हणून नोंदी करण्याचें काम आमच्या गळ्यांत घातलें. अशा रीतीनें मास्तराचा मुनीम झाला, आणि खतावणीचें दुसरें स्थलांतर आमच्याच हातून घडलें.

दोन वर्षें गाडें बरें चाललें. २०१९ च्या रोवणीच्या दिवसांत एके रात्रीं मोठी वीज कडाडली, तारेंतील दाब एकदम वाढला आणि सकाळीं यंत्र सुरू करावें तों पडदा काळा. तें नागपुरास नेलें. आंतील तबकडीवरून कांहीं वाचतां येणार नाहीं, असें तेथील जाणत्यानें सांगितलें. वाचक विचारतील, दुसरी प्रत ठेवली नव्हती काय? ठेवली होती. रोज संध्याकाळीं आम्ही एका पेनड्राईव्हवर नक्कल घेत होतों, आणि विसरूं नये म्हणून तो पेनड्राईव्ह यंत्रांतच खोंचून ठेवीत होतों! यंत्राबरोबर तोहि गेला. दाराला दोन कुलुपें लावून दोन्ही किल्ल्या त्याच कडीस टांगाव्या, असा हा शहाणपणा.

मार्चअखेरचा ताळेबंद कागदावर छापून ठेवलेला होता म्हणून मागचें वांचलें; परंतु एप्रिलपासूनची, म्हणजे वर्षांतील सर्वांत मोठी उधारी गेली. पावती पुस्तकें होतीं, तीं गोदामांत पोत्यांमागें अस्ताव्यस्त. जीं सांपडलीं त्यांवरून जुळवाजुळव केली. बाकीच्यांसाठीं पुतण्या व आम्ही मोटारसायकलीवरून गांवोगांव निघालों. ठाणेगांव झालें, वैरागड झालें, नदीकांठचीं खेडीं झालीं. दुकानदारच गिऱ्हाइकास विचारतो कीं, "बाबा, आमचें तुमच्याकडे किती येणें आहे?" असा तो उलटा तगादा होता. बहुतेकांनीं जें होतें तें सांगितलें. कोणी भिंतीवर कोळशानें ओढलेल्या रेघा दाखविल्या, कोणी मुलाच्या पाटीमागील आंकडा. एका बाईनें तर आमच्या हिशेबांत नसलेली बियाण्याची पिशवी आठवणीनें सांगितली.

परंतु एका वृद्ध शेतकऱ्यापाशीं अडलें. त्याच्याकडे ६,४०० रुपये येणें असल्याचें आम्हांस पक्कें स्मरत होतें. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तो आंकडा आपण चुकता केला, असें त्याचें म्हणणें. त्याचीं नातवंडें आमच्या हाताखालीं शिकलेलीं. आम्हीं वर्गांत बोलतों त्याच स्वरांत म्हटलें, "नीट आठवून पाहा." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "तुमी म्हनता त असन, गुरुजी." धान विकल्यावर त्यानें ६,४०० रुपये आणून दिले.

पुढल्या वर्षीं दिवाळीपूर्वीं गोदामाची झाडलोट निघाली. वाळवी लागलेल्या एका फळीमागें पावती पुस्तक सांपडलें. त्यांत कार्बनखालचें निळें अक्षर आमचेंच, सही आमचीच: रुपये सहा हजार चारशें रोख पावले. त्या गृहस्थानें आपलें देणें दोनदां दिलें होतें, आणि दुसऱ्यांदा तें आमच्या आवाजापुढें मान तुकवून दिलें होतें. ती पावती हातांत घेऊन आम्ही किती वेळ बसलों होतों हें सांगवत नाहीं. चाळीस वर्षें मुलांस खरें बोलावयास शिकविलें, आणि खऱ्या माणसास खोटें पाडतांना आमचा आवाज कांपला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं रक्कम घेऊन त्याच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. त्यानें नोटा मोजल्या, डोक्याला लावल्या आणि म्हणाला, "गुरुजी, पैसे त भेटले. पन तुमच्या त्या मशीनमधी माह्या नावासमोर आता का लिवून हाय, ते वाचून दाखवा ना." नवें यंत्र दुकानांत होतें. "दुकानांत या, दाखवितों," असें आम्ही म्हणालों. तो नुसता हंसला. त्याचे पाय थकलेले, अक्षरओळख नाहीं, आणि दुकान नऊ मैल दूर.

तोंपर्यंत खतावणी ही आमची मालमत्ता आहे असें आम्ही समजत होतों. ती अर्धी त्याची आहे, हें त्या दिवशीं कळलें. ती हरवली तर केवळ सावकार बुडतो असें नाहीं; पावती फाडून घेण्याची ज्यास संवय नाहीं असा ऋणकोहि बुडतो, आणि तो मुकाट्यानें बुडतो.

असें असूनहि, हिशेब क्लाऊडवर न्यावा असें पुतण्यानें सुचविलें तेव्हां आम्हीं हरकत घेतली. हा 'मेघ' म्हणजे वास्तविक काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कालिदासाच्या यक्षानें ज्याच्याजवळ निरोप सोंपविला, त्या मेघाशीं नांवापलीकडे याचें कांहीं नातें नाहीं. हा मेघ जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती, त्यांत ओळीनें मांडलेलीं हजारों यंत्रें, तीं थंड ठेवण्याची सोय, वीज गेल्यास बॅटऱ्या व जनित्रें, आणि तारांनीं जगाशीं जोडणी. आपल्या देशांत मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें, अमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस, आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईसच अशीं केंद्रें ग्राहकांस खुलीं केलीं. आपण त्यांतील जागा व यंत्रशक्ति भाड्यानें घ्यावयाची आणि वापराप्रमाणें भाडें भरावयाचें. हिशेबाची प्रणाली विकणारे आतां बहुधा हीच व्यवस्था पोटांत घेऊन आपणांस मासिक वर्गणीवर देतात.

म्हणजे सारांश असा कीं, आपली वही परक्याच्या कोठींत ठेवावयाची. आमची हरकत याच गोष्टीस होती. खतावणींत केवळ आंकडे नसतात. कोणाच्या घरीं कोणत्या महिन्यांत पैसा नसतो, कोणी बैल विकून बाकी फेडली, कोणी एका महिन्यांत तीनदां उधार नेलें, हें सारें त्या आंकड्यांवरून वाचतां येतें. चार गांवांची अब्रू आमच्या कपाटांत आहे. ती दुसऱ्याच्या हवालीं करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार बारकाईनें केलेला आहे. मनूनें राजापुढें येणाऱ्या तंट्यांचे अठरा प्रकार सांगितले, त्यांत ऋणाच्या लगोलग दुसरा क्रम निक्षेपाचा, म्हणजे विश्वासानें ठेवलेल्या ठेवीचा. याज्ञवल्क्यानें त्यांतहि एक भेद सांगितला आहे. पेटींत काय आहे हें न सांगतां, ती बंद करून दुसऱ्याच्या हातीं दिली, तर ती औपनिधिक ठेव. ती जशी दिली तशीच परत केली पाहिजे. आणि पुढें तो असेंहि म्हणतो कीं, राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरानें लुटली, तर ठेवून घेणाऱ्यास ती भरून देण्यास लावूं नये. मात्र धन्यानें मागितली असतां दिली नाहीं व मग गेली, तर ती त्याच्याच माथीं.

हें आम्हीं पुतण्यास ऐकविलें. आमची समजूत कीं तो निरुत्तर होईल. तो म्हणाला, "काका, हेंच तर करारांत लिहिलेलें असतें." आणि त्यानें सेवेच्या अटींचा कागदच पुढें ठेवला. लोक तो न वाचतां 'मान्य' म्हणतात. आम्हीं तो आठ दिवस बसून वाचला. निवृत्त शिक्षकास दुसरा उद्योग काय? अशा करारांत दैवी आपत्तीपासून ठेवून घेणारा बहुधा आपणांस सोडवून घेतो, आणि नुकसानीची जबाबदारी भरलेल्या वर्गणीपुरती बेतून ठेवतो. मोहोरेचेंहि तसेंच. मजकूर सांकेतिक लिपींत बंद करून ठेवतात हें खरें. परंतु या बहुतेक सेवांत त्या मोहोरेची किल्ली ठेवून घेणाऱ्याकडेच असते. तेव्हां ही बंद पेटीची उपनिधि नव्हे. उघड्या विश्वासाचा निक्षेप आहे, असें समजूनच पाऊल टाकावें.

आणि 'दैव' म्हणजे काय, तेंहि आम्हीं पाहिलें. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीची अशीच एक इमारत आगींत भस्म झाली; ज्यांची दुसरी प्रतहि त्याच आवारांत होती त्यांचें सर्वस्व गेलें. आमचा पेनड्राईव्ह आणि त्यांची इमारत, चूक एकच! पुढें २०२५ सालीं २६ सप्टेंबरला दक्षिण कोरियाच्या डेजॉन शहरीं सरकारी केंद्रांत बॅटऱ्यांनीं पेट घेतला व सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टेराबाइट सांठा नाहींसा झाला. तो फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. आणि ऐन दिवाळींत, २० ऑक्टोबरला, अमेरिकेंत व्हर्जिनिया येथील अमेझॉनच्या केंद्रांत नांवावरून पत्ता सांगणारी व्यवस्था बिघडली व जगभरच्या असंख्य सेवा कांहीं तास बंद पडल्या. मजकूर कोठें गेला नव्हता. पण दारच सांपडेना.

स्ट्रासबूर्गची हकीकत वाचून आमचा विरोध बळावावयाचा, झालें उलट. ध्यानांत असें आलें कीं, प्रश्न घर कीं आकाश हा नाहींच. वाळवी, वीज, आग, चोर, विसराळूपणा हीं सर्वत्र आहेत. सर्वस्व एकाच ठिकाणीं ठेवणें हा खरा दोष, मग तें ठिकाण आमचें कपाट असो वा कोणाची प्रचंड इमारत असो. सरकारनेंहि २०२२ सालीं असा नियम केला कीं, कंपन्यांनीं संगणकावरील हिशेबपुस्तकांची प्रत दररोज भारतांतीलच सर्व्हरवर ठेवावी. आमचें दुकान कंपनी नव्हे. तरी त्यामागील तत्त्व घरास लागू आहे. तसेंच २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत माहिती गोळा करणाऱ्यास विश्वस्ताच्या अर्थाचें नांव दिलें आहे, आणि काम दुसऱ्याकडून करविलें तरी जबाबदारी त्याचीच ठेवली आहे. म्हणजे खतावणी मुंबईस राहिली तरी तिचे विश्वस्त आम्हीच. हें पटल्यावर आम्हीं रुकार दिला. पण अटी घातल्या.

त्या अटी पार पाडल्या आमच्या पुतसुनेनें. प्रथम तिनें नांवें निवडलीं. एकच मनुष्य तीन तऱ्हांनीं लिहिला गेला होता आणि एकाच नांवाचे चार जण एका खात्यांत मिसळले होते. केर घेऊन नव्या घरांत जाऊं नये, असें ती म्हणाली. मग मार्चअखेर गांठली, कारण तेव्हां धानाची उलाढाल मंदावलेली आणि हिशेबी वर्ष संपत आलेलें. प्रत्येक खात्याची बाकी जुन्या यंत्रांतून कागदावर काढली, नव्या जागीं चढविली, आणि आम्हीं लाल पेन्सिलीनें एकेक ताळा पाहिला. सत्तावीस ठिकाणीं फरक निघाला. त्यांतील सव्वीस चुका आमच्याच नोंदींतल्या! दोन महिने जुनी व नवी अशी दोन्ही घरें चालू ठेवलीं. ताळा सतत जमूं लागला तेव्हांच जुनें बंद केलें.

प्रतींची व्यवस्था अशी. दर महिनाअखेर सर्व हिशेब उतरवून एका सुट्या तबकडीवर घ्यावयाचा, तिला सांकेतिक मोहोर आपली आपण करावयाची, आणि ती यंत्रापासून वेगळी काढून घरच्या कपाटांत ठेवावयाची. दुसरी तशीच प्रत नागपुरास पुतणीच्या घरीं. प्रत केवळ घेऊन भागत नाहीं. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून खातीं वाचतां येतात कीं नाहीं, हें दर तीन महिन्यांनीं पाहावयाचें. मोडी बाडांची आठवण आम्हांस येथें उपयोगी पडली. म्हणूनच, उद्यां ही सेवा सोडावी लागली तर आमचा मजकूर कोणासहि वाचतां येईल अशा साध्या स्वरूपांत परत मिळतो कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारून घेतलें. आणि पावती पुस्तक बंद केलें नाहीं. आमच्याकडे पावसांत वीज जाते, रस्ता खणतांना तार तुटते. तेव्हां दोन दोन दिवस आकाशाशीं बोलणें होत नाहीं. गिऱ्हाइकाच्या हातीं कागद पडलाच पाहिजे.

एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. या कामीं प्रथम शहरांतील एक सल्लागार गृहस्थ आले होते. नांवाचें येथें प्रयोजन नाहीं. सर्व खातें ते आपल्याच नांवानें व आपल्याच दूरध्वनि-क्रमांकावर उघडून देणार होते, "तुम्हांला कशाला कटकट?" असें मोठ्या आर्जवानें म्हणत होते. घराची सोय व्हावी म्हणून खरेदीखत सुताराच्या नांवें करण्यासारखेंच तें होतें. पुतसुनेनें त्यांस चहा दिला आणि निरोप दिला.

आतां किल्ल्यांचें. पूर्वीं कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेस असे आणि तो सुनेच्या हातीं केव्हां जावयाचा यावर घराघरांत रामायणें घडत. या नव्या कोठीची किल्ली म्हणजे सांकेतिक शब्द. प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि शब्द ओळखला तरी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या आंकड्यावांचून दार उघडूं नये, अशी सोय केली. दुकानांतील मुलास केवळ विक्री नोंदवितां येते. बाक्या दिसत नाहींत. मुख्य शब्द पुतण्या व पुतसून या दोघांसच ठाऊक. परंतु मनुष्याचा भरंवसा काय? म्हणून तो एका लखोट्यांत लिहून, लाख लावून देवघराशेजारच्या कपाटांत ठेवला आहे, आणि त्या कपाटाची किल्ली आमच्या भावजयीकडे. तिला संगणकांतलें अक्षर कळत नाहीं. पण तिच्यावांचून तो लखोटा निघत नाहीं. सून दार उघडते, सासू किल्ली राखते. आमच्या घरांत तरी यावर रामायण झालें नाहीं.

शेवटचा प्रश्न समासांतील टिपांचा होता. वडिलांच्या खतावणींत आंकड्यांच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलें असे: 'घरांत आजार. तगादा करूं नये.' 'मुलगा शब्दाचा पक्का.' 'धान निघाल्यावरच विचारावें.' बंधूंनींहि ती चाल ठेवली. २०१७ सालीं आम्हीं हिशेब संगणकावर नेला तेव्हां त्या टिपांस रकाना नव्हता, म्हणून त्या गाळल्या. पुढल्या वर्षीं यंत्रानें आपण होऊन बाकीचा स्मरणसंदेश पाठविला, तो नेमका मृत्यु झालेल्या घरीं पोंचला. यंत्रास सुतक ठाऊक नव्हतें. आम्हांस होतें, पण आम्हीं तें त्यास सांगितलें नव्हतें. नव्या प्रणालींत शेऱ्याचा रकाना आहे. "काका, आजोबांच्या टिपा त्यांत घालूं का?" असें पुतसुनेनें विचारलें. यावर घरांत दोन संध्याकाळीं बोलणें झालें. अखेर ठरलें तें असें: रकमा वर जाव्या, शेऱ्यांत फक्त 'तगादा नको' एवढी खूण असावी, तगादा कां नको, हें मात्र घरच्या वहींतच राहावें. ठेवीदाराकडे काय ठेवावयाचें हें जसें आपण ठरवितों, तसें काय ठेवावयाचें नाहीं हेंहि आपणच ठरविलें पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या प्रश्नाचें उत्तर यांतूनच निघालें. चौरंगावर ती टिपांची वही आणि एक कोरें पावती पुस्तक मांडलें. पुतसुनेनें दोहोंवर स्वस्तिक काढलें. लखोट्याच्या कपाटाची किल्ली भावजयीनें आपण होऊन शेजारीं ठेवली.

दिवाळी झाल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थाच्या गांवीं पुन्हां गेलों. मोटारसायकल आतां पुतण्याच चालवितो. तो म्हातारा ओसरीवर खाटेवर पडून होता. नातू मळणीस गेलेला. आम्हीं खिशांतून भ्रमणध्वनि काढला, खातें उघडलें आणि पहिल्यापासून वाचूं लागलों: अमुक तारखेस बियाणें, अमुक तारखेस खत, अमुक तारखेस रोख जमा. तो डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत होता. एका नोंदीपाशीं त्यानें हात वर केला. "ते खत म्या नाई, माह्या पोरानं नेलं. पन बरोबर हाय, ते माह्याच नावावर ठेवा." आम्हीं तसा शेरा तेथल्या तेथें लिहिला आणि त्यास पुन्हां वाचून दाखविला.

"आता बराबर झालं," असें म्हणून त्यानें डोळे उघडले आणि सुनेस चहा ठेवावयास सांगितलें.